पेंडीत किती, डब्यात किती

माझ्या वडिलांचा जगातल्या कुठल्याही काट्यावर विश्वास नव्हता. वाण्याचा तराजू, पोस्टातला तराजू, डॉक्टरकडचं वजनाचं यंत्र, सगळे त्यांच्या मते लबाड. डॉक्टरकडच्या यंत्राने एकदा त्यांचं वजन जास्त दाखवलं तेव्हा त्यांनी खाली उतरून यंत्राला दोन चापट्या मारल्या, परत चढले आणि काटा जरा मागे आल्यावर समाधानाने चपला घातल्या. त्यामुळे आमच्या घरात खोबरेल तेल कमी भरायला लागलं तेव्हा संशय कुणावर जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. घाण्यावर काटा होता, आणि काट्यामागे घाणेवाला होता.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. घर गावाच्या कडेला. थोडी कलमं, बरेच माड, एक म्हैस आणि तीन माणसं: बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आई मी लहान असतानाच गेली. आत्या त्याच्याही आधीपासून आमच्याकडे होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा वारला आणि ती माहेरी आली ती आलीच. चुलीपासून गोठ्यापर्यंत घर तिच्या हातात होतं. फक्त कपाटाची चावी बाबांच्या जानव्याला असायची. आत्याला लुगडं हवं असो की चष्म्याची काडी बदलायची असो, तिने सांगायचं आणि बाबांनी चावी काढायची. ते कधी नाही म्हणाले असं मला आठवत नाही. उलट "अगो, एक का, दोन घे" असंच म्हणायचे.

आमच्याकडे नारळ फोडून वाट्या अंगणात वाळत घालायच्या, खणखणीत सुकल्या की पोती भरायची आणि रिक्षात घालून बाजारातल्या विजेच्या घाण्यावर न्यायची, हे आत्याचं काम. घाण्यावर आपल्या खोबऱ्यापाशी घरचं कुणीतरी बसून राहायचं अशी पद्धत होती, म्हणजे अदलाबदल नको. आत्या तिथे स्टुलावर बसायची आणि तेलाचा डबा घेऊन परत यायची. घाणेवाल्याला मजुरी रोख द्यायची नाही. तेल काढून उरलेली पेंड अर्धी त्याची, अर्धी आमच्या म्हशीची, असा जुना व्यवहार.

बाबांना नेमका हाच व्यवहार खुपायला लागला. "पेंडीत जितकं तेल जास्त राहील तितका त्याचा फायदा," ते म्हणाले. "मुद्दाम घाणा सैल ठेवत असणार. पेंड घेऊन पुन्हा पिळत असणार मेला." आधी हे घरात बोलले, मग आळीत, मग केस कापायला गेले तिथे. आमच्या गावात केस कापताना बोललेलं संध्याकाळपर्यंत मिरकरवाड्याच्या जेट्टीवर पोचतं. घाणेवाल्यापर्यंत पोचायला तर इतकाही वेळ लागला नसेल.

आता माझं. मला एम.एस्सी.ला मुंबईला जायचं होतं. मनापासून जायचं होतं, जेवताना तेच, झोपताना तेच. बाबांचं म्हणणं इथेच बी.एड. कर, शाळेत लाग, घरचं जेवण सोडून हॉस्टेलातलं पाणचट वरण कशाला. घरात माझ्या बाजूने एकटी आत्या. ती भांडायची नाही, पण बाबा जेवायला बसले की वाढता वाढता एखादं वाक्य टाकायची. "पोर हुशार आहे हो." भात वाढायची. "हुशार माणसाला घरात कोंडलं की ते लोणच्यासारखं मुरत नाही, नासतं." आमटी वाढायची. बाबा हूं म्हणायचे आणि भात कालवायचे.

अशाच एका जेवणात माझ्या तोंडून निघून गेलं की पेंडीत तेल किती राहिलं हे कॉलेजात मोजता येतं. बाबांचा घास हातात राहिला.

"मोजता येतं म्हणजे? अगदी किती ते?"

"अगदी किती ते."

"कुणाच्या काट्यावर?"

"काट्याचा प्रश्न नाही. ते धुऊन काढतात."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी इतकी वर्षं त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं. मग म्हणाले, "ठीक. घाणेवाला किती तेल खातो ते तुझ्या केमिस्ट्रीने सांगितलं तर जा मुंबईला. तेल जातं कुठे ते कळलं पाहिजे. नाही सांगता आलं तर ते शिक्षण बिनकामाचं, मग इथेच बी.एड."

आत्या विळीवर नारळ खोवत होती. ती थांबली. "असल्या पैजा लावतात का पोरीशी?" ती म्हणाली. "तिला पाठवायचं तर तसं पाठव. तेलाशी काय संबंध?" मला वाटलं, बघा, माझ्या बाजूने किती उभी राहते बिचारी.

आमच्या विभागात एक सर होते, गोल, घामट आणि कमालीचे उत्साही. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी तास अर्धा सोडून मला फळ्यापाशी नेलं. "वेगळं करणं सोपं असतं गो," ते म्हणाले, "घुसळलं की लोणी येतं. ताकात किती राहिलं ते कोण बघतं? किती वेगळं झालं हे सांगता आलं तर ते शास्त्र." मग त्यांनी पद्धत सांगितली. पेंडीचा चुरा ओव्हनमध्ये वाळवायचा, कारण आमच्या हवेत सगळंच ओलं. मग तो जाड कागदाच्या पुंगळीत भरून एका काचेच्या उभ्या नळकांड्यात बसवायचा. खाली पेट्रोलसारख्या वासाचं एक द्रावण उकळत ठेवायचं. त्याची वाफ वर जाते, थंड होऊन थेंबाथेंबाने चुऱ्यावर पडते, तेल धुऊन घेते आणि नळकांडं भरलं की सगळं आपोआप खाली सांडतं. असं दिवसभर. शेवटी द्रावण उडवून टाकलं की तळाशी राहतं ते फक्त तेल. तेच खोबऱ्याचं करायचं. म्हणजे मुळात तेल किती होतं आणि घाण्याला किती काढता आलं, दोन्ही कळतं.

आत्याने पुढच्याच खेपेची पेंड मला डबाभर काढून दिली. ताजी, गरम, नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटावं अशी. मी डबा सरांच्या टेबलावर ठेवला, वर "नमुना" अशी चिठ्ठी चिकटवली आणि तासाला गेले.

तासाभराने आले तर डबा रिकामा. शेजारी कागदावर गुळाचा खडा, तोही अर्धा. सर रुमालाने मिशी पुसत होते, आणि शेजारच्या विभागातले दोन प्राध्यापक खिडकीतून बाहेर अशा गंभीरपणे बघत होते की तिकडे समुद्र आजच आला असावा.

"सर, नमुना."

"उत्तम होता," सर म्हणाले.

कोकणातल्या माणसासमोर ताजी खोबऱ्याची पेंड ठेवायची आणि जवळ गूळ मिळतो हे विसरायचं, ही चूक माझीच. दुसऱ्या कुठल्या गावातल्या प्रयोगशाळेत नमुना चोरीला गेला असता, जळला असता, सांडला असता. आमच्याकडे तो सरांनी खाल्ला. घरी धावत गेले तर उरलेली पेंड संपवून म्हैस माझ्याकडे रवंथ करत बघत होती. पुढच्या घाण्यापर्यंत थांबणं आलं.

पुढच्या वेळी मी शहाणी झाले. बाबांनी खोबरं घरच्या ताजव्यात, त्यांच्या मते जगातला तो एकच खरा, स्वतः तोललं, पोतं शिवलं, शिवणीवर सही केली. मी त्यातल्या दोन वाट्या आधीच काढून ठेवल्या. आत्या घाण्यावर गेली, तेलाचा डबा आणि पेंड घेऊन आली. बाबांनी डबा तोलला आणि हुंकार दिला, म्हणजे कमी होता. मी पेंडीत फिनेलचे दोन थेंब टाकायचा विचार केला होता, पण प्रयोग बिघडला असता. मग डब्यावर "उंदराचं औषध" असं लिहिलं. सरांनी चिठ्ठी वाचून माझ्याकडे दुःखाने बघितलं, पण हात लावला नाही.

दोन दिवस ते नळकांडं चाललं. मी पहिल्यांदाच कशापाशी तरी इतकी चिकटून बसले होते. थेंब पडायचे, भरायचं, सांडायचं, पुन्हा थेंब. वासाने डोकं चढलं तरी मला तिथून उठवेना. शेवटी द्रावण उडवलं, तळाचं तेल तोललं, आकडेमोड केली. घाणा चांगला निघाला. खोबऱ्यात जितकं तेल होतं त्यातलं शंभरातलं नव्वद त्याने बाहेर काढलं होतं. सर म्हणाले, लाकडी बैलघाण्याला जमत नाही इतकं. घाणेवाला निर्दोष.

मी नाचतच होते तेवढ्यात सरांनी विचारलं, "आणि डब्यावरून किती येतं?"

"डब्यावरून?"

"अगो, पेंडीत राहिलेल्यावरून काढलंस ते एक. डब्यात आलेल्यावरून काढायचं ते दुसरं. घाणा एकच ना? मग दोन्ही उत्तरं एकच यायला हवीत. थोडं इकडेतिकडे, भांड्याला लागलेलं वगैरे."

मी बाबांनी तोललेल्या डब्यावरून काढलं. शंभरातलं पाऊणशेसुद्धा धड येईना. पुन्हा केलं. सरांनी केलं. खोबरं तेच, पेंड तीच, आणि मधल्या मध्ये तेल गुल.

"वजन चुकलं असेल," सर म्हणाले.

"बाबांनी केलंय."

सरांनी बाबांना एकदा पाहिलं होतं. "मग चुकलेलं नाही," ते म्हणाले. "घाण्यात नाही, पेंडीत नाही, डब्यात नाही. मधला रस्ता बघ."

मधला रस्ता म्हणजे घाण्यापासून घरापर्यंत. मी घाण्यावर गेले. घाणेवाले काका मला बघून उठलेच नाहीत. पूर्वी स्टूल पुसून द्यायचे. मी म्हटलं, "काका, तुमचा घाणा चोख आहे, मी मोजलंय." त्यावर ते आणखीच चिडले. "तू मोजायच्या आधी चोख नव्हता काय?" म्हणाले. मग जरा थंड झाले. मी विचारलं, डबा इथून किती भरून गेला होता.

"गळ्यापर्यंत," ते म्हणाले. "आणि बुधला वेगळा."

"कसला बुधला?"

"आत्यांचा. डबा भरायच्या आधी त्या बुधला भरून घेतात. दर वेळी. घरचं तेल, घरच्या बाई, मी कोण विचारणारा? तुमच्या वडिलांना ठाऊकच असेल असं समजून होतो मी." ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघितलं. "ठाऊक नाही काय?"

मी म्हटलं, "काका, दोन दिवस कुणाला काही बोलू नका." ते म्हणाले, "मी कधी बोलतो? बोलतात ते तुझे वडील." तेही खरंच होतं.

आता बघा माझी अवस्था. ज्या बाईने घरात माझ्या बाजूने तोंड उघडलं ती एकच, आणि तेलही तिनेच नेलेलं. सांगितलं तर मुंबई मला, आणि आत्याची अब्रू जानव्याला चावी बांधलेल्या भावापुढे मातीत. नाही सांगितलं तर बी.एड. मी दोन दिवस जेवले नाही नीट. त्यात बुधला जातो कुठे याची उत्सुकता गप्प बसू देईना. आत्या तेल विकत असेल? कुणाला देत असेल? तिला कुणी फसवत असेल?

गुरुवार आला. गुरुवारी दुपारी आत्या कीर्तनाला जायची, दर गुरुवारी, वर्षानुवर्षं. परत आली की जेवताना आम्हाला आख्यान सांगायची, आणि काय रंगवून सांगायची. दोन भाऊ जत्रेत हरवले, एक गरिबाघरी वाढला, एक श्रीमंताघरी, आणि शेवटी आईने हातावरच्या खुणेवरून ओळखलं. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बुवा आख्यान चांगलं लावतात हो. हल्ली अशी माणसं राहिली नाहीत."

त्या गुरुवारी मी कॉलेज बुडवून आत्याच्या मागे गेले. ती पदर डोक्यावर, हातात पिशवी, पिशवीत बुधला. देवळाच्या रस्त्याला लागली, देवळाला बाहेरूनच नमस्कार केला आणि पुढे गेली. मी सावलीसावलीने मागे. पुढे टॉकीज होतं. टॉकीजच्या मागच्या बाजूला एका बाईची खानावळ. आत्या मागच्या दाराने आत गेली, हलकी पिशवी घेऊन बाहेर आली. खानावळवालीचा नवरा टॉकीजचा डोअरकीपर. त्याने आत्याला बघितल्यावर बायकांच्या वर्गाचा पडदा नुसता बाजूला केला, तिकीट नाही, काही नाही, आणि वर "या काकी" असं.

मी तिथे रस्त्यात उभी राहून हसले. मग तिकीट काढलं. आता इतक्या लांब आल्यावर काढणारच.

आत अंधारात ती मला दोन रांगा पुढे दिसली. पदर खांद्यावर. मला माझी आत्या पदर खांद्यावर घेऊन बसलेली ठाऊक नव्हती. नायकाने खलनायकाला धुतलं तेव्हा तिने शेजारच्या कोळणीच्या मांडीवर थाप मारली. नायिका रडली तेव्हा ती रडली, आणि मध्यंतरात खानावळवालीने वडा आणून दिला तो तिने चहाबरोबर असा खाल्ला की घरी एकादशीला साबुदाणा कोरडा खाणारी बाई हीच का, असं मला वाटलं. पडद्यावर एक मुलगी चुकून दुसऱ्याच्या घरी वाढत होती. संध्याकाळी आम्ही ते आख्यान ऐकलं. नायकाचं नाव बदलून आत्याने एका राजाचं केलं होतं. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. माझा घास नाकात गेला आणि मी पाणी प्यायला उठले. मोरीत उभी राहून तोंडात पदर कोंबून हसले, आणि हसता हसता मला एकदम वाईट वाटलं. एवढ्याशा अंधारासाठी तिला बुधला लपवून न्यावा लागत होता.

रविवारी दुपारी बाबांनी निकाल मागितला. पानं मांडली होती, आत्या वाढत होती, कुळथाचं पिठलं, भात, वर तूप. मी रात्रभर काय बोलायचं ते ठरवलं होतं.

"घाणेवाले चोख आहेत," मी म्हटलं. "शंभरातलं नव्वद तेल काढतात. सरांनीही तपासलं. तुम्ही त्यांना जाऊन सांगायला हवं."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं नाही, पण आकडा ऐकल्यावर ते नमायचे. "बरं. सांगेन. मग तेल जातं कुठे?"

"घाणा विजेचा असला तरी आतली लाकडं जुनी आहेत," मी म्हटलं. "लाकूड तेल पितं."

बाबा जेवायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पानाकडे.

"लाकूड."

"हो."

"दर वेळी इतकं?"

"जुनं लाकूड आहे."

"इतकं तेल पिणारं लाकूड एव्हाना वितळून गेलं असतं," बाबा म्हणाले. "सांग ना सरळ की नाही कळलं. तीन वर्षं शिकलीस, महिनाभर वास घेत बसलीस, आणि लाकूड पितं. असलं शास्त्र तर आमच्या गड्यालाही येतं. राहू दे ती मुंबई. बी.एड.चा अर्ज आणतो उद्या."

 डोळ्यात पाणी आलं ते मिरचीचं म्हणून खपवता येईल का याचा विचार करत होते. पिठल्यात मिरची नव्हती.

आत्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं. तिने माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. मग ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. ती बाबांसमोर अशी कधी उभी राहत नसे, वाढताना वाकलेलीच असायची.

"लाकूड नाही पीत," ती म्हणाली. "मी नेते."

"काय नेतेस?"

"तेल. दर खेपेला बुधलाभर. टॉकीजमागे खानावळ आहे तिथे देते. तिचा नवरा मला सिनेमाला आत सोडतो."

बाबांना एवढं मोठं वाक्य एकदम समजेना. "तू," ते म्हणाले, "सिनेमाला?"

"दर गुरुवारी."

"गुरुवारी तर कीर्तन."

"कीर्तन नाही तिथे. आधीचे बुवा गेले ते दुसरे आलेच नाहीत."

बाबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढून इतक्या वर्षांची आख्यानं एकेक करून जात होती हे मला स्पष्ट दिसत होतं. दुसरी कुठली वेळ असती तर मी लोळून हसले असते.

"पोरीला कळलं होतं," आत्या म्हणाली. "तिचा आकडा बरोबर आहे. माझ्यासाठी गप्प बसली ती. तू पैज लावलीस ती ती जिंकली. तिला पाठव."

बाबांनी हात पानावरून मागे घेतला. रागावले आहेत असं मला वाटलं, म्हणून मी वर बघितलं, तर ते रागावलेले नव्हते. त्यांना लागलं होतं. एवढा मोठा माणूस, पण चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"अगो ताई," ते म्हणाले, "माझ्याकडे मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का?"

"दिलं असतंस," आत्या म्हणाली. "लगेच दिलं असतंस. म्हणूनच मागितलं नाही."

बाबांनी भात कालवायला घेतला आणि तसाच ठेवला. आत्या वाकली, त्यांच्या पानात तूप वाढलं, मग माझ्या.  मग बाबांनी घसा साफ केला आणि मान वर न करता मला विचारलं, मुंबईचा अर्ज कधीपर्यंत भरायचा असतो.